हाक ऐकू न येणाऱ्या कुत्र्याशी बोलायचं कसं?

गेल्या अंकात बहिऱ्या कुत्र्यांवर चार ओळी छापल्या आणि प्रश्नांची रीघ लागली. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी निवडक इथे घेतली आहेत. सारख्या प्रश्नांची एकत्र मोट बांधली आहे. बहुतेक पत्रांचा सूर ‘याला ऐकूच येत नाही, तर शिकवायचं कसं’ असा आहे. खरी अडचण मात्र शिकवण्यात नसते. एखादी गोष्ट अंगावर अचानक येते, तिथे सगळं बिघडतं. खालच्या उत्तरांत हा ‘अचानक’ पुन्हा पुन्हा भेटेल.

प्रश्न : आमचं डाल्मेशियन पिल्लू दहा आठवड्यांचं आहे. हाक मारली तरी ढिम्म. ज्यांच्याकडून आणलं ते म्हणतात, ‘लहान आहे अजून, ऐकायला लागेल.’ ताट वाजवलं की मात्र दचकतं. मग नक्की काय समजायचं? (कोलशेत, ठाणे)

पिल्लाच्या कानाची नळी जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी उघडते. दहाव्या आठवड्यात ‘अजून लहान आहे’ याला काही अर्थ नाही. डाल्मेशियनमध्ये जन्मजात बहिरेपणा सर्वांत जास्त आढळतो. अमेरिकेतल्या तपासण्यांमध्ये सुमारे ३० टक्के डाल्मेशियन एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे निघाले आहेत. कारण रंगात आहे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. त्या तिथे पोचल्या नाहीत तर कानाला रक्त पुरवणारा थर सुकतो आणि पाठोपाठ ऐकणाऱ्या पेशी मरतात. हे सगळं वयाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घडून जातं आणि मेलेल्या पेशी परत येत नाहीत. डोळे निळे असतील तर शक्यता वाढते. जन्मतःच डोक्यावर किंवा कानावर मोठा काळा डाग असेल तर ती कमी होते.

म्हणून पांढरा कुत्रा दिसला की तो बहिरा, असं मात्र नाही. आपल्याकडच्या पांढऱ्या स्पिट्झचं नाक आणि डोळ्यांच्या कडा काळ्या कुळकुळीत असतात, म्हणजे रंगाच्या पेशी जागेवर आहेत, फक्त केसात पांढरा रंग आला आहे. राजापालयमसारख्या गुलाबी नाकाच्या पांढऱ्या जातीत मात्र बहिरी पिल्लं बरीच निघतात.

आता ताटाबद्दल. ताट वाजवून कान तपासता येत नाही. ताट जमिनीवर आपटलं की हादरा जातो, डोक्याजवळ वाजवलं की वारा लागतो, आणि तुमचा हात वर गेलेला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. पिल्लू यातल्या कशालाही दचकेल. खाऊचा डबा उघडणं तर बादच, कारण वास आवाजाच्या बरोबरीने पोचतो.

तपासणी अशी करा. पिल्लू डुलकी काढत असताना एकजण त्याच्यापासून लांब, त्याला न दिसेल असा बसून फक्त त्याच्याकडे बघेल. पंखा बंद. दुसऱ्याने शेजारच्या खोलीतून, पडद्याआडून एकच आवाज काढायचा. आज किल्ल्यांचा जुडगा, उद्या दाबलं की वाजणारं खेळणं, परवा खर्जातली ‘ए’. बघणाऱ्याने मान वळते का एवढंच बघू नये. कानाचं टोक हललं, श्वास क्षणभर थांबला, भुवई उचलली, हीही उत्तरंच आहेत. दिवसाला दोन-तीनपेक्षा जास्त वेळा करू नका. तोच आवाज चौथ्यांदा आला की ऐकू येणारं पिल्लूही कंटाळून पडून राहतं, आणि तुम्ही त्याला बहिरं ठरवता.

भावंडांत असताना हे लक्षात का आलं नाही, तर बहिरं पिल्लू भावंडांवर चालतं. दार वाजलं की बाकीचे उठतात, त्यातला एखादा याच्या अंगावरून जातो, हाही उठतो. बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यांनी ऐकलं.

पक्कं उत्तर ‘बेअर’ नावाच्या चाचणीत मिळतं. डोक्याच्या कातडीखाली बारीक सुया टेकवतात, एकेका कानात टकटक सोडतात आणि मेंदूकडे संदेश जातो का ते यंत्रावर दिसतं. पाच-सहा आठवड्यांनंतर ती करता येते. ही सोय सगळीकडे नाही. तुमच्या डॉक्टरांकडे आणि परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. रोजच्या सांभाळात तिच्यावाचून काही अडत नाही. पण एका कानाने बहिरा असलेला कुत्रा घरच्या तपासणीत सापडत नाही. तो ऐकतो, पण हाक कुठून आली ते त्याला कळत नाही, भलतीकडेच बघतो. आणि चांगला कान उशीत दाबून झोपला की ठार बहिरा. दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना पिल्लं होऊ द्यायची नाहीत, हे मात्र आम्ही सांगणारच. तेच ठिपक्याठिपक्यांच्या मर्ल रंगाबद्दल : दोन मर्ल एकत्र आणले की साधारण चौथाई पिल्लांत तो जनुक दुहेरी येतो, आणि त्यातली बरीचशी बहिरी, आंधळी किंवा दोन्ही निघतात. ‘दुर्मीळ पांढरा रंग’ म्हणून त्यांच्या जास्त किमती लावणाऱ्यांच्या दारात जाऊ नये.

प्रश्न : तीन वर्षांची बहिरी गावठी कुत्री दत्तक घेतली. स्वभाव गरीब. पण झोपेत हात लागला की वळून तोंड टाकते. मुलगा सात वर्षांचा आहे. सासूबाई म्हणतात, परत देऊन टाका. (नेरूळ)

सासूबाईंची काळजी रास्त आहे, पण उपाय आहे. आपल्याला झोपेत पावलं ऐकू येतात, दार वाजतं, मग कोणी खांद्याला हात लावतं. तिच्यासाठी या मधल्या पायऱ्याच नाहीत. अंधार आणि एकदम अंगावर हात. तोंड टाकणं हा स्वभाव नाही, दचकणं आहे. म्हणून हात म्हणजे खाऊ, एवढं एक समीकरण तिच्या अंगात मुरवायचं.

पहिला आठवडा ती जागी असताना. खांद्याच्या मागे, नेहमी त्याच जागी, दोन बोटं टेकवा आणि लगेच हरभऱ्याच्या डाळीएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. एका बैठकीत पाच वेळा, दिवसातून चार बैठका. शेपटी, पंजे, पोट सोडून द्या. काही दिवसांत बोटं टेकली की ती तोंड वळवून खाऊ शोधू लागेल. हे दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग ती पेंगत असताना. हात लावायचा नाही. खाऊ धरलेली मूठ नाकापासून वीतभर अंतरावर धरा आणि थांबा. आधी नाकपुडी हलेल, मग मिशा, मग डोळा उघडेल. उघडला की खाऊ. हे सवयीचं झालं की वास आधी आणि बोटं नंतर, आणि सर्वांत शेवटी गाढ झोपेत. ती शांत उठते की झटक्याने, यावर पुढची पायरी ठरवा. डोकं झटक्याने वर आलं, कान मागे चिकटले, तर दोन पायऱ्या खाली उतरा. तीन-चार आठवडे लागतात. घाई केली की आधीची मेहनत पुसली जाते.

जमिनीवर पाय आपटून उठवा, असा सल्ला तुम्हाला मिळेलच. लाकडी जमिनीच्या घरात तो चालतो. आपल्या इमारतींच्या स्लॅबवर, वर टाइल्स, तुम्ही पाय दुखेपर्यंत आपटलात तरी तिच्यापर्यंत हादरा नीट पोचत नाही. ती गादीवर झोपत असेल तर गादीची कड दाबा, तो हेलकावा तिला कळतो. अंथरूण जाण्यायेण्याच्या वाटेत नको. कोपऱ्यात, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. घराबाहेर पडताना मात्र तिला उठवून, दिसेल अशी जाण्याची खूण करून जा. उठल्यावर घर रिकामं सापडलं तर बहिरी कुत्री खोल्याखोल्यांतून शोधत फिरते, आणि ते दार ओरबाडण्यापर्यंत जातं.

मुलासाठी नियम एकच : झोपलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही, बाबांना बोलवायचं. वरचा सराव मोठ्यांनीच करायचा. चावा लागलाच, लस घेतलेल्या कुत्रीचा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : घरात दोन कुत्रे. मोठा मोत्या ऐकतो, धाकटा बर्फी बहिरा. एरवी एकमेकांशिवाय चैन पडत नाही, पण जेवताना दोनदा जुंपली. बर्फीला मोत्याचं गुरगुरणं ऐकू येत नाही म्हणून असं होतं का? मग एकत्र ठेवणंच चूक का? (खारघर)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही.

कुत्र्यांच्या आपसातल्या बोलण्यात आवाजाचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी आहे. भुंकणं मुख्यतः लांबच्यासाठी आणि माणसांसाठी. दोन कुत्रे दहा फुटांच्या आत आले की बोलणं वासाने आणि अंगाने होतं. सरळ न येता वळसा घेऊन येणं, तोंड बाजूला फिरवणं, उगाच जमीन हुंगणं, ओठांवरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई : हे सगळं ‘मला भांडायचं नाही’ यात मोडतं. मागे जाऊन हुंगणं म्हणजे नाव-गाव विचारणं. पुढचे पाय पसरून छाती खाली आणि ढुंगण वर, म्हणजे खेळू या. शेपूट हलते म्हणजे खूश, हेही अर्धवटच. ताठ उभारलेली शेपूट टोकाला भराभर थरथरते ती खुशीची नव्हे. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसला की शेपटीचा झोल उजवीकडे जास्त जातो आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. घरी मोजत बसायची गरज नाही, पण शेपूट किती बारकाईने बोलते ते यातून कळतं. बर्फीला यातलं सगळं दिसतं.

मग अडतं कुठे? कुत्रा एकदम चावत नाही. आधी तो थिजतो. घास चघळणं थांबतं, मान वाडग्यावर घट्ट होते. मग डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसतो, ओठ ताणला जातो, मग गुरगुर, मग दात, मग हवेत चावा, आणि शेवटी खरा. आता मोत्याचं तोंड वाडग्यात आहे. त्याचा ओठ, दात, डोळा बर्फीला मागून दिसतच नाहीत. सात पायऱ्यांतली एकच बाहेर येते, गुरगुर, आणि नेमकी तीच याच्यापर्यंत पोचत नाही. बर्फी पुढे येतो. मोत्याच्या लेखी त्याने सांगून झालं आहे, तरी हा ऐकत नाही, म्हणजे मुद्दाम करतो आहे. दोघांपैकी कोणीच चुकलेलं नसताना जुंपते.

म्हणून जेवण वेगळ्या खोल्यांत द्या. एक स्वयंपाकघरात, एक गॅलरीत, मध्ये दार. दारच नसेल तर निदान सहा-सात फूट अंतर आणि मध्ये खुर्च्या, म्हणजे एकमेकांचा वाडगा दिसत नाही. दहा मिनिटांनी दोन्ही वाडगे उचला. रिकामा वाडगाही जमिनीवर राहू नये, तो चाटायला दोघे गेले की पुन्हा तेच. हाडं आणि चघळायच्या वस्तू यांनाही हाच नियम. अरुंद पॅसेजमध्ये रात्री छोटा दिवा चालू ठेवा, कारण अंधारात बर्फीचं दिसणंही जातं.

मोत्या गुरगुरला म्हणून त्याला रागावू नका. गुरगुर बंद झाली तर ती पायरीच गळते, आणि उद्या सोसायटीतल्या मुलाला इशारा न देता चावा बसतो.

खेळाकडेही लक्ष असू द्या. पिल्लं चावा किती जोरात घ्यायचा हे एकमेकांच्या केकाटण्यातून शिकतात : जोरात चावलं, समोरचा केकाटला, खेळ थांबला. बर्फीला केकाटणं कळलं नाही, फक्त खेळ थांबल्याचं कळलं, तेही उशिरा. त्यामुळे असे कुत्रे थोडे दांडगट खेळतात. दोन मिनिटं खेळ झाला की तुम्ही मोत्याला हाक मारा. तो वळला की बर्फी आपोआप वळतो. अर्धं मिनिट दम खाऊ द्या, पुन्हा सोडा. खालचा वर, वरचा खाली, पळणारा पाठलाग करणारा, अशी अदलाबदल होत असेल तर खेळ बरोबर चालला आहे. एकच सतत खाली राहतो, शेपूट पायात घालतो, टेबलाखाली शिरतो, तर थांबवा. मोत्या बर्फीवर ओरडायचं सोडून त्याच्या वाटेत आडवा उभा राहू लागला, तर समजा त्याने स्वतःच भाषा बदलली. बहिऱ्याबरोबर राहणारे बरेच कुत्रे हे शिकतात.

प्रश्न : याच संदर्भात. एका ट्रेनरने सांगितलं की बहिऱ्या कुत्र्याला टोळीचा नायक कोण ते अंगानेच पटवावं लागतं, म्हणून मान धरून उताणं पाडा. (वर्तकनगर, ठाणे)

करू नका. टोळीत एक नायक बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली पिंजऱ्यात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून मांडली. डेव्हिड मेच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर पसरली. पुढे जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघून मेच यांनीच १९९९ साली लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं, नायकपदासाठी मारामाऱ्या करणारी फौज नव्हे. बहिऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तर हा सल्ला दुप्पट वाईट. वरून अचानक येणारा हात, हीच त्याची सर्वांत मोठी भीती असते, आणि तुम्ही तीच खरी करून दाखवणार.

प्रश्न : उपवन आणि येऊरच्या रस्त्यावर फिरवतो. गल्लीतले कुत्रे भुंकत येतात, आमचा बहिरा कुत्रा सरळ त्यांच्यात चालत जातो. मोकळा सोडला तर परत बोलवायचं कसं? (ठाणे)

मोकळा सोडायचा नाही, हे आधी. येऊरच्या बाजूला बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. पहाटे आणि तिन्हीसांजेला तिकडे फिरवूच नका. पाम बीच रस्त्याला लागून राहणाऱ्यांनाही तेच सांगणं : मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न त्याच्यासाठी नाही. चारी बाजूंनी बंद मैदान मिळालं तर दहा मीटर लांब दोरी हार्नेसला बांधून सोडा. गळपट्ट्याला नको, धावत टोकाला पोचला की मानेला हिसका बसतो. रोजच्या फिरण्याला साधा दोन मीटरचा पट्टा. बटण दाबून गुंडाळणारा पट्टा टाळा. हातातून सुटला की त्याचं हँडल कुत्र्याच्या मागे फरफटत येतं, तो पायांवर काहीतरी आपटतंय म्हणून आणखी पळतो, आणि तुमचं ओरडणं त्याच्या कानी पडत नाही.

आता गल्लीतले कुत्रे. ते वीस-पंचवीस मीटरवरून भुंकतात ती हद्दीची सूचना असते. ऐकू येणारा कुत्रा तिथेच चाल मंद करतो, बाजूला बघतो, वळसा घेतो. तुमचा सरळ चालत राहतो. त्यांच्या भाषेत हा उद्धटपणा झाला. त्याच्या वतीने सूचना तुम्ही ऐकायची. पहिल्या भुंकण्यालाच थांबा. कुत्रा भिंतीच्या किंवा उभ्या गाडीच्या बाजूला, तुम्ही मध्ये. पट्टा सैल सोडा. ताणलेल्या पट्ट्याने छाती वर उचलली जाते आणि तो ताठ, अंगावर येणारा दिसतो. मग लांबचा वळसा घेऊन, न पळता निघा. दर काही पावलांनी एकदा मागे वळून बघायची सवय लावा. टोळीतला सर्वांत धीट कुत्रा भुंकतच नाही, तो मागून येतो.

समोरचे कुत्रे ताठ, शेपटी उंच, मानेवरचे केस उभे, तोंडं बंद आणि नजर रोखलेली असतील तर तो रस्ता त्या दिवसापुरता सोडा. अंग सैल, शेपटी मध्यावर, तोंड उघडं असेल तर ते फक्त चौकशीला आले आहेत. कानाला खाच असलेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते. २०२३ च्या नियमांनुसार नसबंदीनंतर गल्लीतला कुत्रा त्याच जागी परत सोडायचा असतो, म्हणजे तुमच्या वाटेवरची टोळी सहसा तीच राहणार. याचा फायदा घ्या. वेळ आणि रस्ता ठरलेला ठेवा. पंधरा दिवसांत त्यांना तुमच्या कुत्र्याचा वास पाठ होतो आणि भुंकणं निम्म्यावर येतं.

गळ्यात बिल्ला असू द्या : ‘मी बहिरा आहे’ आणि फोन नंबर. मराठीतही लिहा. हरवलेला कुत्रा आधी वॉचमनला किंवा रिक्षावाल्याला सापडतो.

प्रश्न : हाताच्या खुणा नक्की कोणत्या शिकवायच्या? आणि व्हायब्रेशनचा पट्टा घ्यावा का? (ऐरोली, वाशी आणि पाचपाखाडी)

खुणा कोणत्याही चालतील, घरातल्या सगळ्यांनी सारख्या केल्या पाहिजेत. आजी तळवा दाखवून ‘थांब’ म्हणतात आणि नातू त्याच खुणेला ‘टाळी दे’ म्हणतो, अशा घरात कुत्रा वेडा ठरतो. खुणांची यादी फ्रिजवर लावा.

सर्वांत आधी ‘बघ’. याला खूण नाहीच. खिशात दहा तुकडे ठेवायचे आणि तो आपणहून तुमच्या तोंडाकडे बघेल तेव्हा एक द्यायचा. घरात, मग जिन्यात, मग फाटकाशी. जो कुत्रा दर अर्ध्या मिनिटाला तुमच्याकडे बघतो, त्याला हाक मारायची गरज उरत नाही. दुसरी ‘शाब्बास’ : मूठ झटकन उघडून पाची बोटं फाकवायची आणि मिटायची, पाठोपाठ खाऊ. ही खूण बरोबर क्षणी दाखवणं हेच सगळं कौशल्य. बूड टेकलं त्याच क्षणी. तुम्ही पिशवीत हात घालून बसलात तर तो तोवर उभा राहिलेला असतो आणि उभं राहण्याचंच बक्षीस घेऊन जातो. मग बस, झोप, ये, थांब, संपलं. खुणा एका हाताच्या ठेवा, दुसऱ्या हातात पट्टा असतो. ‘ये’ मात्र दोन्ही हात पसरून मोठी, लांबून दिसणारी. तीन ते पाच मिनिटांच्या बैठका पुरतात. तोंडाने बोलणं बंद करू नका. बोलताना चेहरा आणि खांदे हलतात, ते तो वाचतो. मुक्याने केलेली खूण निर्जीव दिसते.

बोट दाखवणंही चालतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणी न शिकवलेले रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा अनोळखी माणसाच्या बोटाच्या रोखाने जाताना दिसले. तुमच्या गावठी कुत्र्याकडे ही अक्कल घरचीच आहे.

व्हायब्रेशनचा पट्टा उपयोगी, पण तो ‘इकडे बघ’ एवढंच सांगतो. आधी हातात धरून थरथर दाखवा आणि खाऊ द्या, मग गळ्यात. कमीत कमी थरथर, लगेच खाऊ, असं पन्नासेक वेळा झाल्याशिवाय बाहेर वापरू नका. बाजारातल्या बऱ्याच पट्ट्यांत थरथर आणि विजेचा झटका एकाच रिमोटवर असतात, बटणं शेजारी. असला घेऊच नका. काही कुत्रे थरथरीलाच घाबरतात, त्यांना सोडून द्या. दमट हवेत दिवसभर घातला तर मानेखाली फोड येतात. रात्री गॅलरीतून किंवा आवारातून बोलवायला टॉर्च दोनदा उघडझाप करा. लेझरचा लाल ठिपका मात्र कधीच नको. काही कुत्र्यांना सावल्या आणि कवडसे पकडण्याचा छंदच जडतो, आणि डोळ्यांवर जगणाऱ्या बहिऱ्याला तो लवकर जडतो.

प्रश्न : बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर. पावसाळ्यापासून ऐकत नाही. वयामुळे, की कानात काही झालं? (कोपरखैरणे)

दोन्ही असू शकतं. वयाने जाणारं ऐकणं हळूहळू जातं आणि उंच पट्टीपासून जातं. त्याला शिट्टी ऐकू येत नसेल पण जाड आवाज आणि टाळी ऐकू येत असेल, तर ते वय. अजून वर्ष-सहा महिने टाळीवर काम चालेल. तेवढ्यात प्रत्येक टाळीबरोबर हाताची खूण जोडून ठेवा. खरं तर हे सातव्या-आठव्या वर्षीच करायला हवं.

कान हलवत असेल, आतून आंबूस वास येत असेल, तपकिरी मळ दिसत असेल तर बुरशी किंवा जंतू. लॅबचे कान लोंबते आणि आपली पावसाळी हवा दमट, आत ओल राहते. डॉक्टरांनी आत बघून पडदा शाबूत असल्याची खात्री केल्याशिवाय घरातले जुने थेंब घालू नका. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखी औषधं किंवा क्लोरहेक्झिडिन आतल्या कानात उतरतात आणि उरलंसुरलं ऐकणंही जातं. मान एका बाजूला कलली, तोल जातोय, किंवा एका दिवसात ऐकणं गेलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात.

कान निरोगी असताना पावसाळ्यात आठवड्यातून एकदा साफ करा. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली आणि मग आत वळते, इंग्रजी एलसारखी. इअरबडने मळ त्या वळणात दाबला जातो. डॉक्टरांनी दिलेलं द्रावण नळीत भरा, कानाच्या मुळाशी अर्धं मिनिट चोळा, पचपच आवाज आला पाहिजे. मग मागे सरा आणि त्याला मान झटकू द्या. वर आलेला मळ कापसाने, बोट जाईल तेवढाच पुसा. कोमट खोबरेल तेल नको.

प्रश्न : बहिऱ्याला दिवाळीचा त्रास नाही ना? (कळवा)

कमी, पण होतो. सुतळी बॉम्बचा हादरा छातीत बसतो, उजेड भिंतीवर नाचतो, दारूचा वास येतो, आणि घरात ऐकणारा कुत्रा असेल तर त्याची भीती याला लागते. पाचच्या आत फिरवून आणा, पडदे ओढा.

प्रश्न : गॅलरीतून दिवसभर भुंकतो. शेजारी तक्रार करतात. स्वतःचं भुंकणं त्याला ऐकू येत नाही, मग भुंकतो कशाला? (सानपाडा)

त्याला काहीतरी दिसतं म्हणून. फोन लावून अर्धा तास चित्रण करा. खाली माणूस गेला की भुंकतो, तर गॅलरीच्या ग्रिलला खालून तीन फूट हिरवी जाळी बांधा, निम्मं भुंकणं त्याच दिवशी थांबेल. एकटा असतानाच भुंकत असेल तर प्रश्न एकटेपणाचा आहे, जाळीने सुटणार नाही. ‘शांत’ची खूण भुंकत असताना दाखवून उपयोग नाही, त्याचं लक्ष खाली असतं. तो दम घ्यायला थांबून तुमच्याकडे वळला की खूण आणि खाऊ.

प्रश्न : बहिऱ्या कुत्र्याच्या गळ्यात घुंगरू बांधावं का? लोक हसतात. (नौपाडा)

बांधा. ते त्याच्यासाठी नाहीच. तो कुठल्या पलंगाखाली झोपला आहे ते तुम्हाला कळावं म्हणून, आणि घरात दुसरा कुत्रा असेल तर हा मागून येतो आहे हे त्याला आधी कळावं म्हणून. रात्री काढून ठेवा, नाहीतर कूस बदलली की दुसऱ्याची झोप मोडते.